पडद्याच्या मागच्या बाजूने

तुमच्या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि त्यातल्या बहुतेकांना मनातल्या मनात नापास करते. शिक्षिका होते ना, सवय जात नाही. कुणाला पांढऱ्या लुगड्यातली बाई दिसते, कुणाच्या मागे पैंजण वाजतात... मला आपलं हसू येतं. माझ्या वडिलांनी घरात कधी अंगारासुद्धा येऊ दिला नाही आणि मी त्यांचीच मुलगी. मग आज हे काय लिहायला बसले? तर ज्यांच्याबद्दल हे आहे ते आमचे हे आता राहिले नाहीत, आणि ही गोष्ट एकटीने सांभाळायची मला भीती वाटते. वाचा, आणि नापास करायचं असेल तर खुशाल करा.

महाराष्ट्र राज्य होऊन दहा-बारा वर्षं झाली असतील. माझं माहेर देऊळगाव राजाचं, सासर दुसरबीडचं. लग्नाला अजून वर्षही झालं नव्हतं. सासरी रस्त्याला लागूनच शेत, त्यात वांगी, मिरची, कांदे असा भाजीपाला, आणि त्या सगळ्याचा जीव शेतातल्या एका विहिरीवर. होळी झाली की ती तळाला जायची. म्हणून त्या उन्हाळ्यात हे आणि शेजारचे किसनभाऊ ती आणखी खोल करायला लागले होते. सुरुंग लावायचे, फुटलेला मुरूम टोपल्यांनी वर ओढायचा, पुन्हा खणायचं.

माझ्या भावाचा, वसंतदादाचा, देऊळगावात फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे फोटो काढून पोट भरायचा आणि रात्रंदिवस सिनेमाची स्वप्नं पाहायचा. पुण्याच्या एका मित्राचा सोळा एमएमचा कॅमेरा त्याने काही दिवसांसाठी आणला आणि काय शूट करावं तर आमची विहीर! फाल्गुनात तो शेतावर येऊन राहिला. ज्या बाजूला मोटेची धाव, म्हणजे बैलांची उतरती वाट होती तिथे त्याने स्टँड उभा केला आणि वरून खाली नेम धरून दिवसभर ह्यांना छळलं. "दाजी, पुन्हा एकदा पहार मारा. दाजी, पुन्हा वर पाहा." शेवटी हे वैतागून म्हणाले, "वसंतराव, मी विहीर खनू का तमाशा करू?"

तर ही फिल्म, आणि दादाच्या मित्रांनी आपापल्या हौसेने बनवलेल्या आणखी काही, असा मिळून देऊळगावात फिल्म फेस्टिव्हल ठरला. हो, कापडी फलकावर हाच शब्द होता. ना कुठली कंपनी, ना कुठला हिरो. पाडवा होऊन गेल्यावर एका बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या गोदामात, खिडक्यांना तरट लावून, भर सकाळी. पहिल्या दिवशी पहिली फिल्म दादाची. त्याने निरोपावर निरोप पाठवले आणि ह्यांनी सांगितलं, "तू अन् माय जाऊन या. मले काही सवड नाही."

सासूबाईंना मी मामी म्हणायचे. मामींना सिनेमा म्हणजे देवदेवतांचाच माहीत. नवं लुगडं नेसून, कमरेला बटवा खोचून त्या सकाळच्या एसटीत बसल्या आणि अख्खा रस्ता शेजारणीला सांगत राहिल्या, "माह्या लेकाचा सिनेमा लागला देऊळगावाले."

गोदामाच्या दारातच लोक विचारत होते, हिरो कोण, गाणी किती. दादाने हात जोडून सगळ्यांना आत घेतलं. आत मधोमध पातळ कापडाचा पडदा बांधलेला. एका बाजूला पुरुष आणि मशीन, आणि पडद्याच्या मागच्या बाजूला आम्ही बायका. तंबूच्या सिनेमात तेव्हा अशीच रीत होती, बायका मागे. कापडातून चित्र आरपार दिसावं म्हणून त्यावर पाणी शिंपडायचे. चित्र दिसायचं चांगलं, फक्त उलटं. आरशात दिसावं तसं. पाट्यांवरची अक्षरं वाचता यायची नाहीत, पण तेव्हा तिथे अक्षरं वाचणाऱ्या बायका तरी किती होत्या!

भाषणं झाली, मशीनपुढे नारळ फुटला, दिवे गेले. फिल्म मुकी होती, त्यामुळे पलीकडून दादा माईकवर सांगत होता. पडद्यावर आमचं शेत आलं, किसनभाऊ आले, मग हे आले आणि मामींनी मला कोपराने ढोसलं.

"काय वं, माह्या लेकाले डावखुरा काऊन केला तुह्या भावानं?"

खरंच, पडद्यावर हे डाव्या हाताने भाकरी खात होते. मी लगेच शिकवणीच सुरू केली. "मामी, आपन मांगून बसलो ना, म्हनून उलटं दिसते. उजवं ते डावं."

"मंग समोरून बसू द्या म्हना की बायायले," मामी म्हणाल्या आणि आजूबाजूच्या सगळ्या हसल्या. मीही हसले. हे हसणं लक्षात ठेवा.

मग विहिरीचा तळ आला. वरून घेतलेला. समोर मधोमध शिडी, दोन्हीकडे मुरमाच्या भिंती, एकीसारखी दुसरी. माझ्या डाव्या हाताच्या भिंतीला टेकून हे बसले होते. भर उन्हात. मला वाटलं, समोरच्या बाजूला चांगली सावली पडली आहे, ती सोडून हे उन्हात का बसले असतील? दादाने बसवलं असेल, दुसरं काय. त्यांच्या डाव्या अंगठ्याला पांढरी चिंधी बांधली होती. तो हात कपाळावर धरून त्यांनी वर पाहिलं. सरळ माझ्याकडे. मग खाली वाकून पाण्याचा तांब्या उचलला आणि त्यांच्या मागची भिंत वरपासून सुटली.

आवाज नाही. मुकी फिल्म. भिंत पोटातून फुगल्यासारखी पुढे आली आणि जिथे हे होते तिथे नुसता मुरूम आणि धूळ. एक पाय दिसत होता बहुतेक... नको, तेवढं लिहीत नाही.

मी उभी राहिले. ओरडले की नाही ते आठवत नाही. मागची एक बाई म्हणाली, "बस ना वं खाली, दिसून नाही राह्यलं." शेजारची शेंगा सोलत होती. आणि पलीकडून दादाचा आवाज, अगदी शांत, "...आणि अशा रीतीने काळ्या खडकाखाली पाण्याचा पहिला झरा लागतो." पडद्यावर पाण्याचे बुडबुडे येत होते. बायकांनी टाळ्या वाजवल्या.

"मामी, ते पाह्यलं का?"

"पाह्यलं ना. चांगलं पानी लागलं."

दिवे लागल्याबरोबर मी पडदा बाजूला करून पुरुषांच्या बाजूला घुसले. तेव्हा हे असं करणं म्हणजे काय, हे आजच्या मुलींना कळायचं नाही. दादाभोवती पाहुणे होते. "दादा, ते भिंत पडली ते कधीचं?" तो पाहुण्यांपासून बाजूला आला. "कोनती भिंत? कुसुम, बरं नाही का तुले?" मी अंगठ्याच्या चिंधीचं विचारलं. त्याने अशी चिंधी घेतलीच नव्हती. मग जरा चिडून म्हणाला, "पहिलाच दिवस आहे माहा, लोकं पाहून राह्यले." त्याचं बरोबर होतं. त्याच्या आयुष्यातला तो सगळ्यात मोठा दिवस होता.

मी बाहेर येऊन स्वतःला समजावलं. उन्हाचा त्रास, रिकामं पोट, अंधारातून एकदम उजेड. सगळी कारणं दिली. डोक्यातल्या डोक्यात जेवढं शास्त्र शिकले होते तेवढं सगळं वापरलं. पण पायांना ते पटेना. ते आपले एसटी स्टँडच्या दिशेनेच वळायचे. हे त्या घडीला विहिरीत होते, हे मला माहीत होतं ना!

मामींना काय सांगू? त्यांना अजून दोन फिल्म पाहायच्या होत्या आणि बालाजीचं दर्शन घ्यायचं होतं. मी नुसतं म्हटलं, "मामी, घरी जाऊ. मले कसंतरीच होऊन राह्यलं." त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं. घाम फुटलेला, हात गार. आणि त्यांचा चेहरा हळूहळू उजळला.

"काऊन वं... काही बातमी आहे का?"

मी मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते मलाच ठाऊक नाही. पण मामी बालाजीला तिथूनच हात जोडून निघाल्या. स्टँडवर माझ्यासाठी चिंचगोळ्यासुद्धा घेतल्या.

तो एसटीचा प्रवास मी अजूनही स्वप्नात करते. सिंदखेडराजाला एक अख्खं लग्नाचं वऱ्हाड चढलं, त्यांच्या ट्रंका, त्यांची भांडी, कुणाची तरी राहिलेली आत्या. "चला ना वो लवकर," असं मी दोनदा ओरडले. नव्या सुनेने असं ओरडायचं नसतं. मामी कंडक्टरला समजावत होत्या, "पोरीले बरं नाही हो." मी खिडकीतून उन्हं पाहत होते आणि मनात एकच चाललं होतं : डावी भिंत. डावी भिंत. पोचल्या पोचल्या सांगायचं, डाव्या भिंतीपासून उठा.

शेताजवळ उतरले आणि पळत सुटले. मामी मागून हाका मारत होत्या, "अवं पळू नको! अशा टायमाले पळू नको!"

वरची टोपल्या ओढणारी माणसं जेवायला गेली होती. मी धावेवर जाऊन उभी राहिले, दादाचा कॅमेरा होता बरोबर तिथे, आणि खाली पाहिलं. शिडी मधोमध. किसनभाऊ शिडीच्या पायथ्याशी बिडी ओढत होते. आणि हे... माझ्या डाव्या हाताच्या भिंतीला टेकून, गुडघे पोटाशी घेऊन, टॉवेलाखाली डोळे मिटून बसलेले.

बसले होते तिथेच! मला रडू आलं, बरं वाटलं, भीती वाटली, सगळं एकदम.

"अवो! उठा तिथून! त्या भिंतीपासून उठा!"

त्यांनी दचकून टॉवेल काढला. "तू? तू तं संध्याकाळी येनार होती ना? माय कुठं आहे?"

"उठा आधी! त्या समोरच्या बाजूले जा!" मी हाताने उजवीकडची भिंत दाखवली.

"काऊन? इथं सावली आहे ना. तिकडं ऊन आहे."

"मी हात जोडते तुम्हाले. जा तिकडं!"

किसनभाऊ हसले. "जाय ना बापू. देऊळगावाहून हुकूम आला." हे पुटपुटत उठले, तांब्या उचलला आणि पलीकडे, उजव्या भिंतीला जाऊन टेकले. भर उन्हात. गेलं संकट, असं वाटलं मला. अगदी खरं सांगते, मी त्या वेळी हसलेसुद्धा.

मग त्यांनी उन्हासाठी कपाळावर हात धरला आणि वर माझ्याकडे पाहिलं.

अंगठ्याला पांढरी चिंधी होती. उजव्या अंगठ्याला.

सकाळी आम्ही निघालो तेव्हा ती चिंधी नव्हती. पण माझं मन त्या क्षणी तिथे नाही गेलं. ते गेलं मामींच्या डावखुऱ्या लेकाकडे. मांगून बसलो म्हनून उलटं दिसते, उजवं ते डावं... सकाळी मीच शिकवलं होतं, मोठ्या तोऱ्यात! पडद्यावर डावी म्हणजे इथे उजवी. मी त्यांना सावलीतून उठवून त्याच भिंतीखाली नेऊन बसवलं होतं. आणि हात कपाळावर धरून झाला होता. आता राहिलं होतं ते फक्त तांब्या उचलणं.

"उठा!" मी किंचाळले. "तिथून उठा! परत या इकडं!"

"आता मले पानी तं पिऊ देशील का नाही?" हे म्हणाले आणि वाकले.

मला आजही कळत नाही ते शब्द माझ्या तोंडात कुठून आले. मी ओरडले, "मामी पडल्या हो! मामी पडल्या!"

तांब्या तिथेच टाकून ते असे उठले... आईवर फार जीव त्यांचा. दोन ढांगांत शिडीला भिडले, किसनभाऊ त्यांच्यामागे. हे अर्ध्या शिडीवर आणि किसनभाऊ खालच्या पायऱ्यांवर असताना उजवी भिंत सुटली. या वेळी आवाज होता. शिडी हलली, धुळीचा लोट वर आला आणि मला काही दिसेना. मी त्यांचं नाव घेऊन हाक मारली, लग्नानंतर पहिल्यांदा, मोठ्याने.

धुळीतून आधी चिंधीचा हात वर आला.

दोघंही वर आले, खोकत, डोळ्यांत माती, किसनभाऊंचा एक पाय खरचटलेला. "माय कुठं आहे? माय?" हे विचारत होते. तेवढ्यात मामी लुगडं सावरत, धापा टाकत बांधावरून आल्या.

"काय वं, मले उभ्या उभ्या पाडलं का तू?"

कुणीच हसलं नाही. मग मामींनी विहिरीत वाकून पाहिलं, मुलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. चिंचगोळ्यांची पुडी अजून त्यांच्या मुठीत होती.

अंगठ्याला पहार लागली ती आम्ही गेल्यानंतर, असं किसनभाऊंनी सांगितलं. धोतराची चिंधीही त्यांनीच फाडून बांधली होती. म्हणजे फाल्गुनात घेतलेल्या फिल्ममध्ये ती असण्याचा प्रश्नच नव्हता.

फेस्टिव्हल संपल्यावर दादा रीळ घेऊन आमच्याकडे आला. अंगणात बसून आम्ही ती फिल्म उन्हावर धरली आणि त्याच्या स्टुडिओतल्या भिंगाने एकेक चौकट पाहिली. दादाचे डोळे दुखायला लागले, तरी मी त्याला सोडलं नाही. विहिरीचा तळ आहे. शिडी आहे. हे बसले आहेत, पण सावलीत. अंगठा मोकळा. भिंती दोन्ही जागच्या जागी. पुढे सरळ पाण्याचे बुडबुडे. मी दुसऱ्या बायकांनाही नंतर विचारलं. सगळ्यांना बुडबुडेच आठवत होते.

गावात माझं नाव झालं. सुनेला आधी कळतं म्हणे. बायका मुलांची लग्नं, हरवलेल्या गाई विचारायला यायच्या आणि मी त्यांना हाकलून द्यायचे. मामी तर शेवटपर्यंत सांगत राहिल्या, बालाजीनं वाचवलं. बाळाची बातमी त्यांना आणखी वर्षभराने मिळाली, तो राग मात्र त्यांनी काही दिवस ठेवला.

पण मला जे खातं ते दुसरंच आहे. मी गेले नसते तर? मी काहीच पाहिलं नसतं, आरामात तिन्ही फिल्म पाहून, बालाजी करून संध्याकाळी आले असते तर? हे सावलीत बसले होते. डाव्या भिंतीला. ती भिंत आजही उभी आहे. पडद्यावर हे उन्हात बसलेले दिसले तेव्हा मला नवल वाटलं होतं ना, की शहाणा माणूस सावली सोडून उन्हात का बसेल... तर मी बसवलं म्हणून. जे मला दिसलं ते माझ्या ओरडण्यानेच व्हायचं होतं. मग ते मला दाखवलं कशाला? आणि दाखवायचंच होतं तर सरळ का नाही दाखवलं? वाचवायला दाखवलं, की माझ्याच हातून घडवून घ्यायला?

हे मी ह्यांना एकदाच बोलून दाखवलं, त्याच उन्हाळ्यात, रडत. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "वेडी का तू? पानी पिऊन मी तिकडंच खनायले बसनार होतो. तू आली नसती तं मेलोच असतो." नंतरही कधी मी गप्प गप्प दिसले की ते न विचारता तेच सांगायचे, अगदी त्याच शब्दांत. "तिकडंच बसनार होतो मी."

मी आता सिनेमाला जात नाही, पण त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. ह्यांना जाऊन तीन पावसाळे झाले. त्यांच्या तेराव्याला किसनभाऊ आले होते, पार थकलेले, काठी टेकत. निघताना मी त्यांना विचारलं, "भाऊ, त्या दिवशी दुपारून कोनत्या बाजूनं खनायचं होतं?"

"कुठचं खनायचं, वैनी? अंगठा सुजला होता ना त्याचा. आम्ही तं काम बंद करून घरीच जानार होतो."

मग ते काठी टेकत गेले, आणि मी ह्यांच्या फोटोपुढे बसून खूप वेळ रडले. इतकी वर्षं तो माणूस माझ्यासाठी एकच खोटं बोलत राहिला होता.